टिकले असते ते दोन दात

"काका, तुमच्या अमेरिकेत दातांचे डॉक्टर नाहीत का?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. प्रश्न अमिता आणि मोनालीचा. माझं फक्त तोंड. शाळेच्या जिन्यावर डबा खाताना मी त्यांना सांगत होते की आमचे शैलूकाका दर चार-पाच वर्षांनी ओहायोहून जबलपूरला येतात आणि आले की पहिल्या दोन दिवसांतच राइट टाउनच्या दातांच्या डॉक्टरांकडे जातात. मोनालीच्या हातातला पराठा हातातच राहिला. "इतनी दूर से दाँत दिखाने?" आणि अमिता म्हणाली, "पूछ के दिखा. सबके सामने. पूछ लिया तो खोवा जलेबी मेरी तरफ से."

मला असं आव्हान द्यायचंच नसतं. म्हणजे हल्ली. जुलैपर्यंत मी हजेरीला ‘प्रेझेंट मॅम’ म्हणतानासुद्धा बाकाकडे पाहणारी मुलगी होते. मग वादविवाद स्पर्धेच्या आदल्या दिवशी नेहाचा घसा बसला, मॅडमनी अख्ख्या अकरावीत नजर फिरवली आणि का कोण जाणे, माझ्यावर थांबवली. विषय होता, मेहनतीने माणूस वर येतोच. मी बाजूने बोलले. शैलूकाकांवर बोलले. "मेरे चाचा दो बक्से लेकर गए थे," अशी सुरुवात केली आणि शेवटी सभागृहात टाळ्या थांबेनात. ढाल मिळाली. ती आमच्या टीव्हीच्या वर आहे, आणि आई म्हणते, तेव्हापासून हिच्या तोंडाचं झाकण हरवलं आहे.

तर रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो आणि मी विचारलं.

आईने डाव वरणातच सोडला. "काहीही काय विचारते गं?"

बाबा मात्र खुशीत आले. माझे बाबा, सूर्यकांत, वीज मंडळात आहेत आणि घरी कमी बोलतात, पण धाकट्या भावाचा विषय निघाला की त्यांना थांबवावं लागतं. "अगं, डॉक्टर ढीगभर आहेत तिकडे," ते म्हणाले. "पण आपल्या शालिग्राम डॉक्टरांचा हात आहे का त्यांच्याकडे? याचे दुधाचे दात पाडले त्यांनी. बावीस वर्षं झाली जाऊन, पण हा माणूस दात दाखवेल तर जबलपुरातच. याला म्हणतात माती."

हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पाठ आहे. काका यायचे असले की महिनाभर आधी बाबा एक यादी करतात आणि फ्रिजवर चिकटवतात. दात. डोळे, चष्मे तीन. रक्त. गुडघा. औषधं, वर्षभराची. प्रत्येकासमोर तारीख आणि वेळ. गणपतीत महाराष्ट्र मंडळात बाबा ही यादी लोकांना तोंडी ऐकवतात. लोक मान हलवतात. वा, म्हणतात. बँकेत बदली होऊन आलेल्या नव्या लोकांनाही आता माहीत आहे की सूर्यकांतजींच्या भावाला अमेरिकेच्या डॉक्टरांचा भरवसा नाही.

काका हसले. तोंडावर हात ठेवून. "आहेत बेटा, खूप आहेत," एवढंच म्हणाले आणि पोळी वरणात कुस्करायला लागले. काका पोळी कुस्करूनच खातात. मला वाटायचं, आवड असेल.

"आणि ऐक शैलू," बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी अकराला पटेलजी येऊन राहिले. प्लॉटचं पक्कं करून टाकू. मग हिचे फॉर्म. चार वर्षं तुझ्याकडे राहील, म्हणजे होस्टेलची कटकट नाही. हो ना?"

"हो दादा," काका वरणाकडे पाहून म्हणाले.

प्लॉट म्हणजे पनागर रोडचा. बाबांनी मी जन्मायच्या आधी घेतलेला. तिथे सध्या एक पेरूचं झाड आहे, एक हँडपंप आहे आणि आईचं स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघर दिसत नाही, पण आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आई ते कधीची काढते आहे. खिडकी पूर्वेला, ओटा खिडकीखाली, तिचे पाय दुखतात म्हणून बाजूला एक बसायचा कट्टा. बाबा रिटायर झाले की बांधायचं. भाजीचे मोठे व्यापारी असलेल्या पटेलजींना आता तिथे मटारासाठी गोदाम टाकायचं होतं, आणि त्या पैशात मला अमेरिकेत शिकायचं होतं. म्हणजे सगळ्यांचं ठरलं होतं की मला शिकायचं आहे. मीही खूप जोरात ‘हो’ म्हटलं होतं. खोटं काहून बोलू?

सोमवारपासून गुरुवारपर्यंत शाळेला सुट्टी होती. गुरुवारी बाबा ऑफिसात, म्हणून काकांना डॉक्टरांकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे बॅटरीवाली स्कूटी आहे, तिला लायसन लागत नाही आणि ती पळतही नाही. काका मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसले. "तिकडे मोठी गाडी चालवता आणि इथे घाबरून राहिले?" मी म्हटलं. "तिकडे चालवणारा मी असतो ना," काका म्हणाले.

शालिग्राम डॉक्टरांचा दवाखाना छोटा आहे, बाहेर दोन बाक, आत एक खुर्ची. मला त्यांनी आतच बसू दिलं. त्यांनी आरशाने खूप वेळ पाहिलं, एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"गेल्या आठवड्यातला रूट कॅनॉलवाला बरा आहे. त्याला आज टोपी बसवून देतो. पण शैलेंद्र, मागचे हे दोन. शुगरमुळे हिरड्या सुटून राहिल्या. घाबरायचं काही नाही. दर तीन महिन्यांनी साफ करून घ्यायचं, दाखवत राहायचं. दहा वर्षं काही होत नाही त्यांना."

"काढून टाका," काका म्हणाले.

"अरे, टिकतात ते."

"काढून टाका, डॉक्टर."

"काहून पण? तिकडे कोणाला तरी दाखवशीलच ना दर तीन महिन्यांनी?"

खुर्चीच्या वरचा दिवा काकांच्या चेहऱ्यावर होता आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग ते हळू म्हणाले, "मागच्या वर्षी एक दुखला होता. अकरा दिवस. कामावर उभं राहता येत नव्हतं. परत तसं नको."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. मला वाटलं ते आता रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी काकांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शुगर पाहिली, बाबांना फोन लावू का म्हणून विचारलं, काकांनी मान हलवली, नाही. मग त्यांनी इंजेक्शन भरलं.

मी बाहेर जाऊन बसले. दात काढताना आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

काका बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता. अर्धा तास घट्ट चावून धरायचा, बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वाटेत औषधांच्या दुकानात काकांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. दुकानदाराने शुगरच्या गोळ्यांची पाकिटं काउंटरवर रचायला सुरुवात केली आणि रचतच राहिला. पिशवी भरली, दुसरी घ्यावी लागली. मागच्या वेळी काका परत गेले तेव्हा आईने चिवडा आणि बेसनाचे लाडू दिले होते आणि काका म्हणाले होते, वहिनी, बॅगेत जागा नाही. आई दोन दिवस रुसली होती. जागा कशाने गेली होती ते मला त्या काउंटरपाशी कळलं.

घरी लगेच जायला नको वाटलं. भंवरताल बागेत एका बाकावर बसलो. दोन्ही पिशव्या मध्ये. आणि मी, जिला दोन महिन्यांपासून वाटतं की आपल्याला कोणालाही काहीही विचारता येतं, मी विचारायला लागले. काकांना बोलता येत नव्हतं, म्हणजे हसून उडवताही येत नव्हतं. फक्त मान.

"काका, तिकडे डॉक्टर महाग आहेत का?"

मान खाली-वर.

"पण तुमच्या कंपनीकडून मिळतं ना ते? इन्शुरन्स?"

मान आडवी.

"तुम्ही मॅनेजर आहात ना?"

काका समोरच्या कारंज्याकडे पाहत राहिले. कारंजं बंद होतं. मग मान आडवी.

मला तिथेच थांबता आलं असतं. मी काकांकडे डॉक्टरांची चिठ्ठी दिली, पाठकोरी होती, आणि पेन दिलं. त्यांचं अक्षर बाबांसारखंच आहे, उजवीकडे कललेलं. त्यांनी लिहिलं, ‘गोदामात. खोके. एजन्सीकडून. म्हणून इन्शुरन्स नाही.’ मग खाली, ‘संध्याकाळी लोकांच्या घरी जेवण पोचवतो. गाडीतून.’

काका नेहमी गाडीतूनच व्हिडिओ कॉल करायचे. बाबा आम्हाला सांगायचे, बघा, किती बिझी माणूस, पण भावाला फोन करायचं चुकत नाही.

"आणि कॉम्प्युटरची नोकरी?"

‘पंधरा वर्षं झाली जाऊन.’

"मग दुसरी?"

त्याखाली त्यांनी एकेक लिहिलं. पेट्रोल पंप. मोटेलचं काउंटर. शाळेची साफसफाई. परत कॉम्प्युटरचा एक कोर्स, त्याच्यापुढे फुली. गोदाम. चिठ्ठी छोटी होती, जागा संपली. त्यांनी घड्याळ पाहिलं, अर्धा तास झाला नव्हता, तरी कापूस काढून रुमालात गुंडाळला.

"तुला काय वाटलं, आळशी होतो मी?" ते म्हणाले. जीभ जड होती, शब्द ओले येत होते.

"मी असं कधी म्हटलं?"

"नाही. पण आता विचार करून राहिली ना, की कुठे कमी पडला हा? मीही करतो. रोज करतो. गौतम म्हणून होता, माझ्याच विमानात होता, एकाच कंपनीत लागलो. त्याचं घर आहे, मागे तलावासारखं बांधून घेतलं आहे पोहायला. तो माझ्यापेक्षा जास्त राबत नव्हता. संध्याकाळी पाचला निघून जायचा. कंपनीने माझा विभाग बंद केला आणि त्याचा ठेवला. भिंतीच्या या बाजूला मी बसायचो, त्या बाजूला तो. बस्स. मग मी चाळिशीकडे, शुगर, अथर्व लहान. नंतर जेवढं केलं तेवढं भाडं आणि औषधात गेलं. मी बावीस वर्षांत सुट्टी फक्त इथे यायला घेतली आहे, दुर्वा. तीही बिनपगारी."

अथर्व माझा चुलतभाऊ. वीस वर्षांचा. बाबा सांगतात, इंजिनिअर होऊन राहिला.

"अथर्वचं कॉलेज?" मी विचारलं खरं, पण उत्तर आधीच दिसलं होतं.

"पहिल्या वर्षातच सोडलं. माझ्याच गोदामात आहे. तो या टोकाला, मी त्या टोकाला. एकाच गाडीतून जातो." काकांनी रुमाल खिशात टाकला. "तो हॉलमध्ये झोपतो. तू आली तर तुला कुठे ठेवू, हे मी आणि तुझी काकू तीन महिन्यांपासून बोलून राहिलो."

मग त्यांनी फोन काढला आणि मला माझाच व्हिडिओ दाखवला. ढाल मिळाली तो. मी स्टेजवर, रिबीन सुटलेली, हात वर. ‘मेरे चाचा दो बक्से लेकर गए थे.’

"हा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला," काका म्हणाले. "कोणाला हिंदी येत नाही. मी सांगितलं, माझी पुतणी आहे, मेहनतीवर बोलून राहिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यावर बोलून राहिली हे नाही सांगितलं."

मी व्हिडिओ बंद केला. माझा आवाज मला सहन होईना.

"बाबांना सांगा," मी म्हटलं. "रविवारच्या आत सांगा. पटेलजी येणार आहेत."

"सांगतो."

"नक्की?"

"दादाचा चेहरा पाहिला का तू, मंडळात माझं नाव घेताना?" काका म्हणाले. "पण सांगतो. जायच्या आत सांगणारच होतो. तू नको बोलू. माझं मला सांगू दे."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी मी शाळेत गेले. अमिता खरंच खोवा जलेबी घेऊन आली होती, काळी, रसाने थबथबलेली, कागद तेलकट झालेला. "तो क्या बोले चाचा?" मोनालीने विचारलं.

"बोले, डॉक्टर बहुत हैं," मी म्हटलं, "पर हाथ हल्का नहीं है."

दोघी हसल्या. मीही हसले आणि तिघींत सर्वांत जास्त मीच खाल्ली. पैज जिंकली होती. घरी येऊन आई-बाबांना जिलेबीच्या पैजेचं सांगितलं, पोट भरलं आहे म्हटलं, आणि जेवले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काका आणि बाबा गच्चीवर बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन दोनदा वर गेले. पहिल्यांदा बाबा माझ्या तिकडच्या कॉलेजचं बोलत होते. दुसऱ्यांदा काका म्हणत होते, "थंडी खूप असते, कोट चांगला घे तिच्यासाठी." शनिवारी काकांचा गाल सुजला होता, त्यांना खिचडी दिली. बाबा म्हणाले, "दोन दात काढून घेतले एकदम? शालिग्राम डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बरोबरच असेल." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवारी संध्याकाळी ते देवासमोर खूप वेळ बसले. मला वाटलं, आता उठून सांगतील. उठले आणि औषधाची पाकिटं कपड्यांच्या घड्यांमध्ये लावायला लागले.

मला त्यांचा राग आला होता, हेही लिहिते. एवढा मोठा माणूस, एक वाक्य बोलत नाही. मग मी आरशासमोर उभी राहून ते वाक्य त्यांच्या जागी बोलून पाहिलं. ‘दादा, तू लोकांना जे सांगतो ना, ते खरं नाही.’ मी, ढालवाली. मला आरशातही जमलं नाही.

रविवारी सकाळी दहाला आईने पोहे भिजवले. पटेलजींसाठी काचेचे पेले काढले. बाबांनी प्लॉटचे कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवले होते आणि वर चष्म्याची डबी, उडू नयेत म्हणून. खरं तर वारा नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर या वर्षीचं होतं. मागच्या वर्षीचं, स्वयंपाकघर काढलेलं, रद्दीत सर्वांत वर होतं. आईने ते स्वतःच टाकलं होतं आणि कोणाला काही बोलली नव्हती.

काका खुर्चीत बसले होते. सूज उतरून एका बाजूचा गाल आत गेलेला. त्या बाजूने ते बाबांपेक्षा मोठे दिसत होते. खरं तर बाबाच सहा वर्षांनी मोठे.

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा. मी काकांकडे पाहिलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ते सांगणार नाहीत. सांगायचं नाही म्हणून नाही. पंधरा वर्षांत ते वाक्य त्यांच्या तोंडात तयारच झालं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मला नाही जायचं."

"कुठे?"

"अमेरिकेला."

बाबा हसले. त्यांना वाटलं, कोणीतरी पैज लावली आहे. "आज कोणाची जिलेबी?"

"खरं बोलून राहिली मी. नाही जायचं."

आता हसू गेलं. "काहून?"

काय कारण सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. खरं कारण माझं नव्हतं. ते सांगायचा हक्क खुर्चीत बसलेल्या माणसाचा होता. मग मी माझ्याकडे जे होतं ते दिलं.

"भीती वाटते," मी म्हटलं.

"तुला?" बाबांनी टीव्हीवरच्या ढालीकडे बोट केलं. "अख्ख्या जबलपूरसमोर बोलली तू. मी मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं. तिथे काय वाघ बसले आहेत? काका आहेत, काकू आहेत. हा तर दोन बक्से घेऊन गेला होता, कोणी ओळखीचंही नव्हतं. याला नाही वाटली भीती, आणि तुला आयतं घर मिळून राहिलं, तर तुला वाटते?"

"हो. वाटते."

"मग स्टेजवर काय होतं ते? पोपटपंची?"

मी जुलैच्या आधी जशी बाकाकडे पाहायची तशी जमिनीकडे पाहिलं. आईचा हात पोह्यांच्या परातीत तसाच होता.

"लाज वाटते मला," बाबा म्हणाले. फार हळू म्हणाले. "शैलू, सांग हिला काही."

काकांची खुर्ची सरकली. "दादा," ते म्हणाले. "दादा, ती..."

बाहेर फाटकाची कडी वाजली. पटेलजी वेळेच्या आधी आले होते. बाबा कागदांकडे वळले आणि मी त्यांच्या आधी टेबलापाशी पोचले, चष्म्याची डबी उचलली, कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी आईकडे दिली. तिच्या हाताला पोहे लागले होते तरी तिने घेतली.

"बारावी झाली की मी इथल्याच कॉलेजात नाव घालते," मी आई-बाबांना म्हटलं. "मंडळात सांगा, पोरगी घाबरली. माझं नाव घेऊन सांगा. पण प्लॉट विकायचा नाही."